तुमच्या घरात देवाला काय नावाने हाक मारतात?

शेवगावची

सगळ्यांना सलाम. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. पुढच्या महिन्यात आमच्या भगिनी मंडळात मला बोलायचंय आणि विषय मिळालाय "देवाची नावं". व्हॉट्सॲपवर याद्या भरपूर फिरतात, नाव, अर्थ, वचन, अशी तीस-चाळीस नावं एकाच फोटोत. त्या वाचून दाखवल्या तर माझी वीस मिनिटं सहज निघतील, पण मला ते करायचं नाहीये.

अडचण अशी आहे की माझं माहेर शेवगावकडचं, आमच्याकडे प्रार्थनेत "हे आमच्या स्वर्गातल्या बापा" नाहीतर "प्रभू", बास. आजोबा तर शेतात काम करताना सुद्धा "देवबापा" म्हणत पुटपुटायचे. आता पुण्यात ज्या चर्चला जातो तिथे तरुण मुलं गिटार घेऊन हिंदी गाणी म्हणतात, त्यात यहोवा यिरे, यहोवा राफा, एल शद्दाय अशी देवाची हिब्रू नावं. मला आवडतात ती गाणी, मुलं मनापासून म्हणतात. पण सासूबाई (वय ८४) शेजारी नुसत्या बसून असतात, ओठ हलत नाहीत. ज्या बाईला "उपासना संगीत" या आपल्या गीतांच्या पुस्तकातली अर्धी गीतं पाठ आहेत तिचे ओठ हलत नाहीत. परवा घरी येताना रिक्षात मला म्हणाल्या, "पोरं कुणाला हाका मारतायत गं?" रागाने नाही, खरंच कळलं नव्हतं त्यांना. मला फार लागलं ते. आयुष्यभर ज्याच्याशी बोलल्या त्याचंच नाव त्यांना ओळखू येईना.

म्हणून विचारते. तुमच्याकडे काय म्हणतात, कुठून आलं ते, आणि नावाने फरक पडतो का?

वसईवाला

ताई, आमच्याकडे कॅथलिक मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) "यहोवा" किंवा "याव्हे" ऐकू येणार नाही. २००८ साली व्हॅटिकनमधून सगळ्या बिशपांना पत्र आलं होतं की उपासनेत, गीतात, प्रार्थनेत देवाच्या नावाची ती चार हिब्रू अक्षरं (य-ह-व-ह) उच्चारू नयेत, त्या जागी "प्रभू" म्हणावं. नवीन काही नव्हतं त्यात, जुनीच रीत परत सांगितली. ज्यू लोक आदरापोटी ते नाव तोंडाने घेत नसत, वाचताना "अदोनाय" म्हणजे "माझा प्रभू" म्हणत, आणि ग्रीक भाषांतरात त्याचंच "कुरिओस" झालं.

आता यातली गोष्ट मला स्वतःला फार उशिरा उमगली, पन्नाशी आल्यावर. आपण "प्रभू येशू" किती सहज म्हणतो, लहानपणापासून जीभ वळलेली असते. पण पहिल्या शतकातल्या ज्यू माणसाने नासरेथच्या सुताराला "कुरिओस" म्हणणं म्हणजे जो शब्द त्या न घेण्याच्या नावाच्या जागी वाचायचा तोच शब्द एका माणसाला लावणं. केवढं धाडस आहे हे! तेव्हापासून मिस्साला "प्रभू" म्हणताना मी जरा थांबतो.

बाकी घरी म्हणाल तर संध्याकाळी रोझरी, आणि आजी झोपताना फक्त "येशू, येशू, येशू". ३ जानेवारीला येशूच्या पवित्र नावाचा सण असतो, कुलाब्याचं कॅथेड्रल त्याच नावाचं आहे. आजीला सणाची तारीख माहीत नव्हती पण नाव मात्र रोज घ्यायची.

सोलापूरकर

माझं मत वेगळं आहे, स्पष्ट लिहितो, राग मानू नये. देवाने मोशेला स्वतःचं नाव सांगितलं ना? मग ते का घ्यायचं नाही? "देव" हा तर सगळ्यांसाठीचा शब्द झाला, दगडालाही देव म्हणतात. "परमेश्वर" पण आपण इथलाच उचललेला. पोरं यहोवा म्हणतायत ते बरोबरच आहे, निदान कुणाशी बोलतोय ते तरी स्पष्ट होतं. सासूबाईंना अर्थ समजावून सांगा, त्यांनाही आवडेल.

हिब्रू_शिकणारा

सोलापूरकर दादा, तुमचा मुद्दा कळतो पण दोन गोष्टी जोडतो (मी पुण्यात सेमिनरीत, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, तीन वर्षं हिब्रू शिकलोय, अजून विद्यार्थीच समजा).

एक म्हणजे त्या चार अक्षरांचा, य-ह-व-ह, मूळ उच्चार लिहून ठेवलेला नाही कारण हिब्रूत आधी स्वर लिहीतच नसत, आणि पुढे ज्यांनी स्वरचिन्हं घातली त्यांनी मुद्दाम या चार अक्षरांना "अदोनाय"चे स्वर लावले म्हणजे वाचणाऱ्याला आठवावं की इथे अदोनाय म्हणायचंय. नंतर युरोपात वाचणाऱ्यांनी ती अक्षरं आणि ते स्वर एकत्र वाचले आणि त्यातून "यहोवा" तयार झालं. म्हणजे जे नाव आपण खरं म्हणून गातो त्याची व्यंजनं एका शब्दाची आणि स्वर दुसऱ्याच शब्दाचे आहेत. अभ्यासक "याव्हे" हा उच्चार मूळच्या जवळचा मानतात, आपल्या मराठी बायबलातही अब्राहामाच्या डोंगराचं नाव याव्हे-यिरे असंच छापलंय, पण बाकी जवळपास सगळीकडे, जुन्या करारात सुमारे ६८०० वेळा हे नाव येतं, तिथे मराठीत "परमेश्वर" आहे. स्तोत्र २३ चं "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे मुळात तेच नाव. म्हणजे सासूबाई ते नाव आयुष्यभर घेतच आल्यात.

दुसरं, "देव" सगळ्यांचा शब्द आहे हे खरं, पण "एल" आणि "एलोहीम" पण तसेच होते, कनानी लोक त्यांच्या देवाला एलच म्हणायचे. ग्रीक "थेऑस" झ्यूसलाही लावत. बायबलने नवे कोरे शब्द आणले नाहीत, लोकांच्या तोंडात होते तेच घेतले आणि त्यांना नवीन ओळख दिली.

आणि निर्गम ३:१४ मध्ये जे "मी आहे तो आहे" येतं ना, त्याचं हिब्रू "एह्ये" म्हणजे "मी आहे" किंवा "मी असेन". आता दोन ओळी वर जा, ११ व्या वचनात मोशे घाबरून म्हणतोय मी कोण फारोकडे जाणारा, तेव्हा १२ व्यात देव सांगतो "मी तुझ्याबरोबर असेन". तिथेही तोच शब्द, एह्ये. लोक "मी आहे" वर मोठं तत्त्वज्ञान करतात पण घाबरलेल्या मेंढपाळाने ते ऐकलं तेव्हा त्याच्या कानात आधीचं "तुझ्याबरोबर" होतंच की. मत्तयाचं शुभवर्तमान इम्मानुएल म्हणजे "आम्हांबरोबर देव" याने सुरू होतं आणि "मी तुमच्याबरोबर आहे" याने संपतं, तो धागा इथून येतो असं मला वाटतं.

बेर_शेवाकर

शालोम. मी ख्रिस्ती नाही, बेने इस्राएल म्हणजे मराठी ज्यू आहे, आमचे मूळ अलिबागकडचे, आता इस्राएलमध्ये बेर शेवाला. मराठी वाचायची सवय सुटत नाही म्हणून इथे येते. तुमच्यात बोलू का नको असा विचार केला पण विषय आमच्याही घरचा आहे.

आम्ही ते नाव घेत नाही. प्रार्थनेत अदोनाय आणि रोजच्या बोलण्यात हाशेम, त्याचा अर्थच "ते नाव". कशी आहेस विचारलं तर बारूख हाशेम, म्हणजे देवाची स्तुती असो. जेरुसलेमचं मंदिर होतं तेव्हा योम किप्पूरला (प्रायश्चित्ताच्या दिवशी) मुख्य याजक ते नाव उच्चारायचे असं आमच्या परंपरेत आहे, मंदिर गेलं आणि उच्चारही गेला. बाहेरच्या लोकांना वाटतं भीती आहे. माझ्या आजीने आजोबांचं नाव कधी घेतलं नाही, "अहो" नाहीतर "हे", सगळ्या कोकणात तसंच होतं. परकेपणा होता म्हणून नाही, अगदी जवळचं होतं म्हणून. मी लहान असताना मला वाटायचं हाशेमचं पण तसंच असणार. आता मोठी झाले, पुष्कळ वाचलं, तरी मला तेच वाटतं.

केडगावकर

शब्दांचा विषय निघाला आहे तर पंडिता रमाबाईंना विसरू नका. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडित, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि संपूर्ण बायबल मूळ भाषांमधून एकटीने मराठीत आणलं. शेवटची कितीतरी वर्षं त्यातच गेली, काम पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. छापखाना त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमधलाच, खिळे जुळवणाऱ्या तिथल्याच मुली आणि बायका. मला नेहमी वाटतं की "देव" शब्दाचा खिळा खिळा जोडताना त्या बाईच्या मनात काय येत असेल जिला घरच्यांनी टाकून दिलं होतं. माझी पणजी दुष्काळात तिथे आलेली, तिला अक्षरओळख तिथेच झाली. घरात अजून सांगतात की तिने पहिल्यांदा स्वतः वाचलेला शब्द "देवाने" हा होता, प्रारंभी देवाने.

म्हापसेकर

आमच्या कोंकणीत मजा बघा, कुणी काही दिलं की "देव बरें करूं" म्हणतो, थँक्यूच्या जागी. दिवसातून वीस वेळा देवाचं नाव निघतं आणि कळतसुद्धा नाही. पवित्र आत्म्याला जुने लोक "इस्पिरित सांत" म्हणायचे, पोर्तुगीजमधून आलेलं.

फादर स्टीफन्सनी १६१६ साली ख्रिस्तपुराण छापलं त्याची सुरुवातच देवाला हाका मारून आहे, विश्वभरिता, देवाबापा, सर्वसमर्था, परमेश्वरा. इंग्लंडमध्ये जन्मलेला माणूस, साष्टीत राहून मराठी ओवीत लिहितोय आणि पहिल्याच ओवीत "बापा". म्हणजे ताई तुमच्या आजोबांचं "देवबापा" कमीत कमी चारशे वर्षं जुनं आहे.

देहूरोडची

मी वारकरी घरातली, कुतूहलाने वाचतेय. तुमच्यात देवाला "आई" म्हणतात का? आमची तर माउलीच.

केडगावकर

@देहूरोडची, म्हणतात की. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला आई आणि गुरू दोन्ही म्हणून हाक मारलीय, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगायचे, त्यामुळे तुमच्या गावाचं देणं आहे आमच्यावर. बायबलमध्ये यशयाच्या पुस्तकातही देव म्हणतो की आई जसं सांत्वन करते तसं मी तुमचं करीन.

मिरजची_नर्स

सगळं वाचलं. मी रिटायर्ड नर्स, ३४ वर्षं वॉर्डात काढली त्यामुळे पुस्तकी काही सांगता येणार नाही, पण शेवगावची ताई, मंडळात बोलणार असाल तर उत्पत्ती १६ घ्या. हागार.

अब्रामाची (पुढे अब्राहाम झाला तो) बायको साराय, तिची मिसरी म्हणजे इजिप्तची दासी. तो अध्याय नीट वाचा, साराय तिला "माझी दासी" म्हणते, अब्राम "तुझी दासी" म्हणतो, दोघांपैकी एकानेही तिचं नाव घेतलेलं नाही. तिच्याकडून मूल पाहिजे पण नाव घ्यायचं नाही. पोटुशी बाई, जाच सहन होईना म्हणून पळाली रानात, झऱ्यापाशी बसली. तिथे देवदूत काय म्हणतो? "हागारे". पहिल्यांदा कुणीतरी नाव घेतलं तिचं. आणि विचारतो, कुठून आलीस, कुठे चाललीस. नाइट ड्यूटीला कॅज्युअल्टीत एकटी बाई यायची, अंगावर वळ, तेव्हा आम्ही पण आधी हेच विचारायचो, बाई नाव काय तुझं, कुठून आलीस. औषध नंतर.

आणि मग ती देवालाच नाव देते! एल-रोई, पाहणारा देव. अख्ख्या बायबलात देवाला नाव देणारी पहिली व्यक्ती ती आहे, अब्राहाम नाही, मोशे नाही. परदेशी, गुलाम, बाईमाणूस.

एक सांगू का, लहानपणी "देव बघतोय हं" हे आम्हाला भीती घालायला सांगायचे, साखर खाल्ली, खोटं बोललं की देव बघतोय. त्यामुळे कितीतरी वर्षं हे नाव मला पोलिसासारखं वाटायचं. हागार ते आनंदाने म्हणते. कारण तिच्याकडे तोपर्यंत कुणी बघतच नव्हतं.

हिब्रू_शिकणारा

नर्सताई, तुमच्या पोस्टनंतर पुस्तक उघडून बसलो. तुम्ही जे म्हणताय त्याला एक जोड आहे जी मला परीक्षेपुरती माहीत होती पण अशी कधी दिसली नव्हती.

"रोई" आणि "यिरे" दोन्ही एकाच धातूचे आहेत, रा-आ, म्हणजे पाहणे. गाण्यात "यहोवा यिरे" चा अर्थ पुरवठा करणारा असा सांगतात, पण शब्दाचा सरळ अर्थ "परमेश्वर पाहील". अब्राहाम मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर नेत असतो, इसहाक विचारतो कोकरू कुठाय, तर अब्राहाम सांगतो देव पाहील. आपल्या मराठी बायबलात ते "पाहून देईल" असं आलंय आणि मला वाटतं इंग्रजीपेक्षा आपलं भाषांतर जवळ गेलंय, कारण मराठीत "बघणे" मध्ये सांभाळणं येतंच. म्हातारपणी आईला कोण बघतं, दुकान कोण बघतं, तू जा मी बघतो. हे सगळं बघणं डोळ्याचं नाहीच.

आणि क्रम बघा. अध्याय १६ ला हागार, २२ ला अब्राहाम. मध्ये २१ ला अब्राहाम त्याच हागारेला भाकरी आणि पाण्याची पखाल देऊन मुलासकट घालवून देतो, बैर-शेबाच्या रानात पाणी संपतं, ती पोराला झुडपाखाली ठेवून लांब जाऊन बसते कारण त्याचं मरण बघवणार नाही. तिथे देव तिचे डोळे उघडतो आणि तिला विहीर दिसते. पुढच्याच अध्यायात अब्राहाम डोळे वर करतो आणि त्याला एडका दिसतो. जिला त्याने घालवून दिलं तिने देवाला दिलेल्या नावाचाच धातू त्याच्या तोंडी येतो. आम्ही तीन वर्षं शिकलो, हे असं कुणी एकत्र लावून दाखवलं नव्हतं, का मीच लक्ष दिलं नाही.

बेर_शेवाकर

तुम्ही बैर-शेबा म्हणताय ते माझं शहर. बाहेर पडलं की अजून तसंच आहे, पांढरं ऊन, काटेरी झुडपं, सावली म्हणाल तर हातभर. पोराला झुडपाखाली ठेवलं म्हणजे कसलं झुडूप ते इथे आल्यावर कळलं मला. हा अध्याय आम्ही रोश हशानाला, वर्षाच्या पहिल्या दिवशी, सिनेगॉगमध्ये वाचतो.

सोलापूरकर

नर्सताई, हिब्रूवाले भाऊ, मी माझं आधीचं अर्धं मागे घेतो. नाव घ्यावं असं मला अजूनही वाटतं. पण ती नावं कुणाच्या तोंडून कधी निघाली ते मुलांना कुणी सांगत नाही, मीही सांगितलं नाही. संडे स्कूलला मी पाठ करून घेतो नुसती.

खेड_शिवापूर

मला एक लिहायचं होतं. एस्तेरच्या पुस्तकात, हिब्रूमध्ये, देवाचं नाव एकदाही नाही. बायको गेल्यावर वर्षभर मला प्रार्थनेत कुठलंच नाव घेता येत नव्हतं, बाप म्हणवत नव्हतं, प्रभू म्हणवत नव्हतं. तेव्हा आमच्या पाळकसाहेबांनी काही समजावलं नाही, फक्त म्हणाले एस्तेर वाचा. ज्यांना आत्ता नाव घेता येत नाहीये त्यांच्यासाठी लिहिलं.

मिरजची_नर्स

@खेड_शिवापूर दादा, वाचलं. तुमच्यासाठी आज रात्री प्रार्थना करते.

शेवगावची

काय लिहू कळत नाहीये. हिब्रूवाल्या भाऊंची पोस्ट वाचली आणि मोबाइल बाजूला ठेवून थोडा वेळ बसून राहिले.

सासूबाईंचं एक वाक्य आहे, घरात सगळ्यांना पाठ. "तो बघतोय ना." १९७२ चा दुष्काळ, सासरे मुंबईला कामाला, पैसे कधी यायचे कधी नाही, ह्या तीन पोरं घेऊन खडी फोडायला जायच्या. मिलोची लाल भाकरी, पोरांना सुकडी. धाकटे दीर तेव्हा दीड वर्षाचे, त्यांना खडीच्या ढिगाशेजारी लिंबाखाली फडक्यावर ठेवायच्या आणि हातोडा मारता मारता मान वळवून बघायच्या. कुणी विचारलं की अगं लेकरू एकटं, तर म्हणायच्या "तो बघतोय ना". आम्ही सगळे समजायचो ही त्यांची बोलायची सवय. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय, गॅस संपला तरी तेच, नवऱ्याची नोकरी गेली तेव्हाही तेच, मला तर कधी कधी वैताग यायचा की ह्यांना काळजी कशी नाही.

म्हणजे त्या यहोवा यिरेच म्हणत होत्या. ५० वर्षं.

काल संध्याकाळच्या प्रार्थनेला उत्पत्ती १६ वाचला. "तू कोठून आलीस व कोठे जातेस" इथे त्यांनी मला थांबवलं आणि परत वाचायला लावलं. मग मी सांगितलं की पोरं जे गाणं म्हणतात ना आई, त्या यिरेचा अर्थ "तो बघतो" असा आहे. त्या काही बोलल्या नाहीत बराच वेळ, मग विचारलं, "त्या बाईच्या लेकराचं पुढं काय झालं?" मग २१ पण वाचला. विहीर दिसली तिथे म्हणाल्या, लिंबाखाली ठेवलं होतं माझं. नंतर प्रार्थना त्यांनीच केली, नेहमीसारखी, "बापा" म्हणूनच.

मंडळात मी हेच दोन अध्याय वाचणार आहे, यादी नाही. आणि मग प्रत्येकीला विचारणार की तुमच्या घरात कुणाच्या तोंडून काय ऐकलंत. पहिलं सासूबाईंना बोलायला लावायचंय, त्या नाही नाही म्हणतायत पण रिक्षा सांगून ठेवलीय.

वसईवाला

ताई, त्या काय बोलल्या ते इथे नक्की लिहा.